घरच्या संगणकाला वेगळी मोफत फायरवॉल हवी का? ठरवण्याआधी काय तपासावे

नवा संगणक घेतला की त्यात आधी अँटिव्हायरस आणि पाठोपाठ एखादी मोफत फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरील जोडण्या तपासून नको त्या अडवणारा प्रोग्रॅम, टाकायची, हा सल्ला वीसेक वर्षांपूर्वी अगदी रास्त होता. आज तो बहुतेक घरगुती वापरकर्त्यांना लागू पडत नाही, कारण त्या फायरवॉलने करायचे मुख्य काम ऑपरेटिंग सिस्टिम आणि घरातला राउटर हे दोघे मिळून आधीच करत असतात. वेगळी फायरवॉल नको याचा अर्थ मात्र काहीच पाहायला नको असा नाही. जी फायरवॉल संगणकात आहे ती चालू आहे का, तिच्यातून कोणकोणत्या प्रोग्रॅमना वाट दिली गेली आहे आणि राउटरने कोणती दारे परस्पर उघडून ठेवली आहेत, हे एकदा शांतपणे तपासावे लागते. ही तपासणी अर्ध्या तासात होते, आणि ती केल्याशिवाय नवी फायरवॉल बसवणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे होय.

जुना सल्ला इतका टिकून का राहिला, हे समजले तर आजचा निर्णय सोपा होतो. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती मुळात बंद ठेवलेली असे आणि फार थोड्या लोकांना तिचा पत्ता होता. त्या काळी अनेक घरांत संगणक थेट मोडेमला जोडलेला असे, त्यामुळे त्याचा पत्ता साऱ्या इंटरनेटला उघडा पडलेला असे. ऑगस्ट २००३ मध्ये पसरलेला ब्लास्टर हा वर्म (एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) विंडोजच्या एका सेवेतील दोषाचा फायदा घेऊन १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून, म्हणजे जोडण्यांसाठीच्या क्रमांकित दारातून, आत शिरत असे. त्यासाठी वापरकर्त्याने कोणतीही ईमेल उघडण्याची किंवा कशावर क्लिक करण्याची गरज नव्हती, संगणक इंटरनेटला जोडलेला असणे पुरेसे होते. तो दोष बुजवणारा अपडेट महिनाभर आधीच आला होता, पण तो असंख्य संगणकांवर बसलेलाच नव्हता. पुढच्याच वर्षी सॅसर या वर्मने ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून हाच प्रकार केला. झोनअलार्म, सायगेट, केरिओ ही फायरवॉलची नावे त्या दिवसांत घरोघरी पोहोचली ती याच कारणाने, आणि ज्यांनी ती वापरली त्यांचे संगणक खरोखरच वाचले.

ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि विंडोजची फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. विस्टा या विंडोजच्या पुढच्या आवृत्तीपासून तिला बाहेर जाणाऱ्या जोडण्याही नियमांनी रोखता येऊ लागल्या आणि तिच्या बुडाशी ‘विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म’ नावाची यंत्रणा आली. आज मोफत मिळणाऱ्या अनेक फायरवॉल याच यंत्रणेला सूचना देऊन काम करतात. म्हणजे आत येणारी जोडणी अडवण्याच्या बाबतीत त्यांच्याकडे विंडोजपेक्षा वेगळे असे फारसे काही नसते.

फायरवॉलच्या कामाच्या दोन दिशा असतात, आणि या विषयातला बहुतेक गोंधळ त्या दोन्ही एक मानल्यामुळे होतो. पहिली दिशा बाहेरून आत येणाऱ्या जोडण्यांची. विंडोजची फायरवॉल इथे साधा नियम पाळते: तुमच्या संगणकाने स्वतःहून सुरू केलेल्या संवादाचे उत्तर आत येऊ द्यायचे आणि न विचारता आलेले काहीही, त्याला वेगळी परवानगी दिलेली नसेल तर, टाकून द्यायचे. राउटरही वेगळ्या कारणाने जवळजवळ तेच करतो. घरातील सर्व उपकरणे बाहेर एकाच सार्वजनिक पत्त्याने दिसतात आणि आत त्यांना १९२.१६८ ने सुरू होणारे किंवा तशाच प्रकारचे खासगी पत्ते असतात. बाहेरून न मागता आलेले पॅकेट (माहितीचा तुकडा) यांपैकी कोणाला द्यायचे हे राउटरच्या नोंदीत नसल्यामुळे ते तिथेच संपते.

राउटरच्या या आडोशाला मर्यादा आहेत, आणि त्या माहीत असल्या की संगणकातील फायरवॉल बंद करण्याचा मोह होत नाही. लॅपटॉप घराबाहेरच्या वाय-फायला जोडला की घरचा राउटर त्याच्या सोबत नसतो. घरातलेच एखादे उपकरण बाधित झाले तर ते राउटरच्या आतल्या बाजूला असते. मे २०१७ मध्ये गाजलेले वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर एकदा आत शिरले की त्याच नेटवर्कवरील इतर संगणकांकडे ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून आपोआप सरकत असे, आणि त्यावरचा अपडेटही मार्चमध्येच आलेला होता. शिवाय इंटरनेटचे पत्ते देण्याच्या नव्या आयपीव्ही६ पद्धतीत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. तिथे आडोसा पत्ते बदलण्यामुळे मिळत नाही, राउटरमधील खरीखुरी फायरवॉलच तो देते, आणि ती चालू असावी लागते.

आता प्रत्यक्ष तपासणी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथून ‘विंडोज सिक्युरिटी’ आणि मग ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ या पानावर जावे. तिथे डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक असे तीन प्रकार दिसतात, आणि सध्या ज्या प्रकारचे नेटवर्क वापरात आहे त्यापुढे ‘ॲक्टिव्ह’ असे लिहिलेले असते. तिन्हींपुढे फायरवॉल चालू असल्याचे दिसले पाहिजे. डोमेन हा प्रकार कार्यालयांसाठी असतो, घरी त्याचा संबंध येत नाही, तरी तोही चालूच ठेवावा. याच पानावर दुसऱ्या एखाद्या कंपनीची फायरवॉल कारभार पाहत असल्याचे दिसले, तर पूर्वी बसवलेल्या किंवा संगणकासोबत आलेल्या सुरक्षा पॅकेजने ती जागा घेतली आहे असे समजावे. त्या पॅकेजची मुदत संपलेली असेल तर ते ठेवण्यात काही अर्थ नाही. ते कसे काढायचे ते शेवटी सांगितले आहे.

दुसरी गोष्ट नेटवर्कच्या प्रकाराची. ‘प्रायव्हेट’ निवडले की विंडोज त्या नेटवर्कवरील इतर उपकरणांना तुमचा संगणक दिसू देते आणि फाइल वा प्रिंटर सामायिक करण्याची वाट मोकळी करते. ‘पब्लिक’ निवडले की हे सारे बंद होते. घरातल्या दोन संगणकांमध्ये फाइलींची देवाणघेवाण करायची नसेल तर घरचे वाय-फायसुद्धा पब्लिक ठेवायला काहीच हरकत नाही, इंटरनेट वापरण्यात त्यामुळे यत्किंचितही फरक पडत नाही. घराबाहेरचे प्रत्येक नेटवर्क तर पब्लिकच असले पाहिजे. ही निवड नेटवर्क सेटिंग्जमध्ये त्या त्या जोडणीच्या गुणधर्मांत बदलता येते.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी पायरी म्हणजे परवानग्यांची यादी. फायरवॉलच्या पानावर खाली ‘अलाऊ ॲन ॲप थ्रू फायरवॉल’ असा दुवा असतो. तो उघडून ‘चेंज सेटिंग्ज’ हे बटण दाबले की यादीतील खुणा काढता येतात. वर्षानुवर्षे वापरलेल्या संगणकात ही यादी भलतीच लांबलेली असते: कधीच काढून टाकलेले गेम, एकदाच वापरलेले फाइल पाठवण्याचे प्रोग्रॅम, दूरून संगणक चालवू देणारी साधने. इथली परवानगी बाहेरून आत येणाऱ्या जोडण्यांसाठी असते, त्यामुळे ब्राउझर किंवा ईमेलच्या प्रोग्रॅमला तिची गरज नसते आणि ती काढल्याने ब्राउझिंग बंद पडत नाही. ज्या नावांची ओळख पटते आणि गरज उरलेली नाही त्यांच्या खुणा काढाव्यात. ‘कोअर नेटवर्किंग’सारख्या विंडोजच्या स्वतःच्या नोंदींना मात्र हात लावू नये, कारण संगणकाला नेटवर्कचा पत्ता मिळण्यासारखी मूलभूत कामे त्यांच्यावर अवलंबून असतात.

इथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे, कारण तो अनेकांना छळतो. एखादा प्रोग्रॅम पहिल्यांदा बाहेरून जोडण्या स्वीकारू पाहतो तेव्हा विंडोज परवानगी विचारते. त्या वेळी ‘कॅन्सल’ दाबले तर विंडोज त्या प्रोग्रॅमला कायमचा मज्जाव करणारा नियम लिहून ठेवते. पुढे आपण परवानगीचा नियम जोडला तरी प्रोग्रॅम चालत नाही, कारण मज्जावाचा नियम परवानगीच्या नियमापेक्षा वरचढ ठरतो. अशा वेळी ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’ उघडून ‘इनबाउंड रूल्स’मध्ये त्या प्रोग्रॅमच्या नावापुढे लाल खूण असलेला नियम शोधून काढावा लागतो. अशा प्रसंगी वैतागून पूर्ण फायरवॉलच बंद करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ती नंतर चालू करायची आठवण बहुधा कोणालाच राहत नाही.

नियम कागदावर कसेही असोत, प्रत्यक्षात काय उघडे आहे हे पाहण्यासाठी विंडोजमध्येच ‘रिसोर्स मॉनिटर’ आहे. तो उघडून ‘नेटवर्क’ या टॅबवर गेले की ‘लिसनिंग पोर्ट्स’ या मथळ्याखाली कोणता प्रोग्रॅम कोणत्या पोर्टवर कान देऊन बसला आहे हे दिसते आणि शेवटच्या रकान्यात फायरवॉलने त्याला परवानगी दिली आहे की नाही तेही दिसते. यादीत विंडोजच्या स्वतःच्या सेवांची गर्दी असते, तिने घाबरून जाऊ नये. अनोळखी नाव आणि त्यापुढे परवानगी, असे दोन्ही एकत्र दिसले तरच खोलात शिरावे.

प्रवासात असताना फायरवॉलच्या पब्लिक पानावर ‘आत येणाऱ्या सर्व जोडण्या अडवा’ या अर्थाचा चौकोन असतो, तो निवडावा. त्याने परवानगीच्या यादीतील प्रोग्रॅमही काही काळ बाजूला सारले जातात. आणि प्रयोग करता करता सगळेच बिघडले, तर ‘रिस्टोअर फायरवॉल्स टू डिफॉल्ट’ हा दुवा सारे नियम मूळ स्थितीत आणतो.

एवढे झाल्यावर पहिली दिशा संपते. वेगळ्या फायरवॉलच्या बाजूने उरलेला एकमेव गंभीर मुद्दा दुसऱ्या दिशेचा, म्हणजे आतून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचा आहे. विंडोज बाहेर जाणारी जोडणी, तिच्याविरुद्ध नियम नसेल तर, जाऊ देते आणि त्याबद्दल काही विचारतही नाही. वेगळी फायरवॉल इथे प्रत्येक नव्या प्रोग्रॅमला पहिल्यांदा अडवते आणि तुम्हाला विचारते. संगणकातून कोण कोणाशी बोलते आहे हे पहिल्यांदाच पाहणाऱ्याला धक्का बसतो. छायाचित्रे पाहण्याचा साधा प्रोग्रॅमसुद्धा उघडताक्षणी बाहेर जोडणी मागताना दिसतो.

ही माहिती मोलाची आहे, पण तिला सुरक्षितता समजण्याची चूक करू नये. आत शिरलेल्या घातक प्रोग्रॅमला बाहेर बोलू न देणे हे ऐकायला उत्तम वाटते. प्रत्यक्षात ज्या प्रोग्रॅमला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळाले आहेत तो फायरवॉल बंद करू शकतो किंवा स्वतःसाठी नियम लिहू शकतो. ज्याला ते अधिकार नाहीत तोही आधीच परवानगी मिळालेल्या ब्राउझरच्या किंवा पॉवरशेलसारख्या विंडोजच्या साधनाच्या आडून बोलू शकतो. पोर्ट पाहून ओळखावे तर आज बहुतेक वाहतूक, चांगली आणि वाईट, कूटबद्ध होऊन ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरूनच जाते. त्यात भर म्हणजे प्रश्नांचा मारा. मी एकदा सर्व प्रश्न विचारणारी एक फायरवॉल बसवली होती. पहिल्या दिवशी प्रत्येक नाव शोधून पाहिले, तिसऱ्या दिवशी नुसते वाचले आणि आठवड्याच्या शेवटी माझे बोट खिडकी उमटण्याआधीच ‘अलाऊ’च्या दिशेने जाऊ लागले होते. ज्या प्रश्नाला प्रत्येक वेळी होकारच मिळतो तो विचारून काही साधत नाही. उलट एखाद्या दिवशी चुकून विंडोजच्या एखाद्या सेवेला नकार दिला जातो आणि अपडेट का येत नाहीत याचा शोध घेण्यात संध्याकाळ जाते.

वेगळी फायरवॉल बसवण्याची आणखी एक किंमत असते. ती नेटवर्कच्या मधोमध बसते, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काही बदलले की आधी तिचे बिनसते. जुलै २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने डीएनएसमधील, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधणाऱ्या यंत्रणेतील, एका मोठ्या दोषावर अपडेट दिला तेव्हा झोनअलार्म वापरणाऱ्या असंख्य लोकांचे इंटरनेटच बंद पडले होते, आणि नवी आवृत्ती येईपर्यंत त्यांना सुरक्षा कमी करून किंवा अपडेट काढून काम भागवावे लागले. दोन पूर्ण फायरवॉल एकाच वेळी चालवणे तर कटाक्षाने टाळावे. जोडणी कोणी अडवली हेच मग कळत नाही, आणि घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे अशी गत होते.

एखाददुसऱ्या प्रोग्रॅमला बाहेर जाण्यापासून रोखणे एवढाच हेतू असेल तर त्यासाठी काहीही बसवावे लागत नाही. ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘आउटबाउंड रूल्स’ निवडून उजवीकडे ‘न्यू रूल’ दाबावे, नियमाचा प्रकार ‘प्रोग्रॅम’ ठेवावा, त्या प्रोग्रॅमची मुख्य फाइल दाखवावी, कृती म्हणून ‘ब्लॉक द कनेक्शन’ निवडावी, तिन्ही प्रकारच्या नेटवर्कवरील खुणा तशाच ठेवाव्यात आणि नियमाला नंतर ओळखू येईल असे नाव द्यावे. इंटरनेटची गरज नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमसाठी किंवा मोजून मिळणारा डेटा खाणाऱ्या प्रोग्रॅमसाठी हा उपाय पुरेसा असतो. मात्र नियम फाइलच्या जागेवर बांधलेला असतो. काही प्रोग्रॅम प्रत्येक अपडेटनंतर आवृत्तीच्या क्रमांकाचे नवे फोल्डर करतात, तेव्हा जुना नियम निरुपयोगी होतो. काही प्रोग्रॅम अपडेट शोधण्यासाठी वेगळी फाइल चालवतात, तिच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो.

सर्वच प्रोग्रॅमवर नजर ठेवायची असेल, आणि त्यासाठी वेळ द्यायची तयारी असेल, तर मोफत साधन घेणे योग्य ठरते. नवख्याने माझ्या मते कोमोडोसारख्या अनेक कामे एकत्र करणाऱ्या भारदस्त फायरवॉलपेक्षा हलक्या साधनापासून सुरुवात करावी. ‘विंडोज फायरवॉल कंट्रोल’ हे विंडोजच्याच फायरवॉलवर बसवलेले सोयीचे तोंड आहे. मूळचे बिनिसॉफ्टचे हे साधन २०१८ साली मालवेअरबाइट्सकडे गेले. टायनीवॉल मुद्दामच प्रश्नांच्या खिडक्या दाखवत नाही, ज्याला बाहेर जाऊ द्यायचे त्याला तुम्हीच यादीत घालायचे असते. ग्लासवायरचा भर कोणता प्रोग्रॅम किती डेटा वापरतो हे आलेखातून दाखवण्यावर आहे. कोणतेही साधन उतरवण्यापूर्वी त्याची शेवटची आवृत्ती कधी आली ते पाहावे, वर्षानुवर्षे न बदललेले साधन टाळावे, आणि ते निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. मोफत सॉफ्टवेअरचा साठा करणाऱ्या अनोळखी ठिकाणाहून फायरवॉल उतरवणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणे. बसवताना सोबत ब्राउझरचा टूलबार किंवा आणखी एखादा प्रोग्रॅम गळ्यात मारला जात नाही ना, हेही प्रत्येक पडद्यावर वाचून पाहावे.

वेगळी फायरवॉल बसवण्यात जाणारा वेळ राउटरला दिला तर त्याचा परतावा मोठा आहे. त्याच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा. २०१६ साली मिराई या घातक सॉफ्टवेअरने असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून. राउटरचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे, इंटरनेटवरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी आणि आयपीव्ही६ची फायरवॉल चालू असल्याची खात्री करावी. ‘यूपीएनपी’ ही सोय घरातल्या कोणत्याही उपकरणाला तुम्हाला न विचारता बाहेरचे पोर्ट उघडून घेऊ देते. ती बंद करून पाहावी, आणि एखादा गेम किंवा उपकरण खरोखर अडले तरच त्यापुरता पोर्ट हाताने उघडावा. स्मार्ट टीव्ही, कॅमेरे वगैरेंना पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर ठेवले तर उत्तमच.

मॅकमध्ये २००७ च्या लेपर्डपासून प्रोग्रॅमनिहाय फायरवॉल आहे, पण ती अनेकदा बंद असते. नव्या आवृत्त्यांत ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क’खाली ती चालू करावी. तीही फक्त आत येणाऱ्या जोडण्या पाहते, बाहेर जाणाऱ्यांसाठी लुलू हे मोफत साधन आहे. लिनक्सच्या गाभ्यातच फायरवॉलची क्षमता आहे. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात ‘यूएफडब्ल्यू’ ही फायरवॉल असते, पण ती स्वतः चालू करावी लागते.

ज्या विंडोजला अपडेट येणे थांबले आहे तिला कोणतीही फायरवॉल तारू शकत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या मुदतवाढीच्या अपडेटची सोय केलेली नसेल तर आधी ती करावी किंवा पुढच्या आवृत्तीकडे जावे, फायरवॉलचा विचार त्यानंतरचा.

हे सारे वाचूनही बाहेर जाणाऱ्या जोडण्या पाहायची इच्छा असेल तर एखादे साधन महिनाभर वापरून पाहावे आणि त्या काळात आपण विचारपूर्वक कोणाला नकार दिला याची साधी नोंद ठेवावी. महिन्याअखेर नोंद कोरी असेल तर साधन काढून टाकावे. काढताना ते नुसते बंद करू नये. सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीतून अनइन्स्टॉल करावे, निर्मात्याने सफाईचे वेगळे साधन दिले असल्यास तेही चालवावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि सर्वांत शेवटी ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’च्या पानावर परत जाऊन तिन्ही ठिकाणी विंडोजची फायरवॉल चालू झाल्याचे डोळ्यांनी पाहूनच ते पान बंद करावे.